बाग किती 'चालते'?

महापालिकेची एखादी बाग चांगली चालली आहे, असं आपण कशावरून म्हणतो? हिरवळ दाट आहे, कारंजं सुरू आहे, रविवारी संध्याकाळी बाहेरच्या भेळवाल्याला मान वर करायची फुरसत नाही, एवढं दिसलं की आपण बागेला फर्स्ट क्लास देऊन मोकळे होतो. फार तर दाराशी एखादा अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला जातो. त्यात 'समाधानी' या रकान्यापुढे भराभर खुणा पडतात आणि अहवाल तयार होतो.

पण मित्रहो, बाग चालणं आणि बागेत माणसांनी चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विचारून कळते, दुसरी मोजावी लागते. आणि गंमत म्हणजे या दोन मापांचे काटे नेहमी एकाच दिशेला फिरतील याची खात्री नाही. हा लेख त्याबद्दलच आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण तसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल करायला हवी. म्हणजे दम लागेल पण बोलता येईल असं भरभर चालणं. ज्याच्याकडे जिमची फी भरायला पैसे आहेत त्याचं ठीक आहे. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात त्या घरातल्या आजीने, कॉलेजच्या मुलीने, रात्रपाळी करून आलेल्या माणसाने कुठे चालायचं? रस्त्यावर फूटपाथ असला तर त्यावर गाड्या उभ्या. उरते ती बाग. सार्वजनिक बाग म्हणजे फुकट मिळणारं आरोग्य-यंत्र आहे. आपण इंजिनिअरिंगवाले यंत्राचा रंग बघून त्याची कार्यक्षमता ठरवत नाही, आउटपुट मोजतो. बागेलाही तोच न्याय लावू.

समाधान म्हणजे नेमकं काय?

आधी समाधानाकडे पाहू, कारण हा शब्द दिसतो तेवढा भोळा नाही. रिचर्ड ऑलिव्हर या अभ्यासकाने १९८० साली मांडलेला विचार थोडक्यात असा: माणूस अपेक्षा घेऊन येतो, प्रत्यक्ष अनुभवाची तिच्याशी तुलना करतो आणि दोहोंतल्या फरकातून समाधान किंवा असमाधान तयार होतं. म्हणजे समाधान ही नुसत्या बागेची राशी नाही, ती एक वजाबाकी आहे. अपेक्षाच कमी असेल तर साध्या बागेलाही पाचपैकी पाच मिळतात. हॉस्टेलला पहिल्या वर्षी मेसच्या भाजीला नावं ठेवणारा मुलगा चौथ्या वर्षी तीच भाजी दोनदा मागून घेतो. भाजी सुधारलेली नसते, अपेक्षा जमिनीवर आलेली असते!

दुसरी गोष्ट जपानच्या नोरिआकी कानो यांनी १९८४ साली दाखवली. सगळ्या सोयी समाधानावर सारखा परिणाम करत नाहीत. काही सोयी गृहीतच धरलेल्या असतात. बाथरूममध्ये पाणी आलं म्हणून कोणी रेक्टरचे आभार मानत नाही, पण नाही आलं तर सकाळी सात वाजता मोर्चा निघतो. काही सोयी जितक्या जास्त तितकं समाधान जास्त, उदाहरणार्थ ताटातल्या पोळ्या. आणि काही अनपेक्षित असतात, नसल्या तरी तक्रार नाही पण असल्या की माणूस खूश. रविवारची फीस्ट त्यातली.

बागेत स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि संध्याकाळचे दिवे हे पहिल्या गटातले. चालण्याच्या वाटेची लांबी आणि तिचा सपाटपणा दुसऱ्या गटात. रंगीत कारंजं, सेल्फी काढायची कमान ही तिसऱ्या गटात. आता अडचण बघा. तिसऱ्या गटातली वस्तू उभी केली की समाधानाचा आकडा पटकन वर जातो, उद्घाटनाचा फोटोही छान येतो. पण स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर मधुमेह असलेले आजोबा आणि लहान मुलाला घेऊन आलेली आई अर्ध्या तासाच्या वर थांबूच शकत नाहीत. ती दोघं फॉर्म भरायला तिथे नसतातच.

डोळ्यांनी मोजायची पद्धत

मग हालचाल मोजायची कशी? प्रत्येकाच्या पायाला यंत्र बांधता येत नाही. 'तुम्ही आठवड्यात किती चालता?' असं विचारलं तर माणूस खरं चाललेलं कमी आणि चालायचं ठरवलेलं जास्त सांगतो.

यावर अमेरिकेत थॉमस मॅकेन्झी, डेबोरा कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली आणि २००६ साली प्रसिद्ध केली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'सोपार्क' म्हणतात. आपल्या कानाला त्यात 'सोपं' ऐकू येतं, आणि पद्धत खरोखरच सोपी आहे.

आधी बागेचा नकाशा काढून तिचे तुकडे पाडायचे: हिरवळ, खेळणी, चालण्याची वाट, बाकांची जागा, बास्केटबॉलचं मैदान. प्रत्येक तुकड्यासमोर ठरावीक जागी उभं राहून नजर डावीकडून उजवीकडे एकदाच, एका संथ वेगाने फिरवायची. ज्या क्षणी नजर एखाद्या माणसावर पडेल त्या क्षणी तो काय करत होता तेवढंच नोंदवायचं. नोंदीचे प्रकार तीनच. बैठा: म्हणजे बसलेला, आडवा झालेला किंवा नुसता उभा असलेला. चालता: साध्या चालीने चालणारा. आणि जोरात: धावणारा, उड्या मारणारा, दोरीवर खेळणारा, थोडक्यात चालण्यापेक्षा जास्त दम लागेल असं काहीही करणारा. नजर पुढे गेल्यावर मागून कोणी धावत आला तरी मागे वळायचं नाही. बायका आणि पुरुष यांच्यासाठी वेगवेगळ्या फेऱ्या. वयाचा अंदाजही चार गटांतच: मूल, किशोर, प्रौढ आणि साठीपुढचे.

शिवाय त्या तुकड्याची स्थिती टिपायची. तिथे जाता येतं का, की कुलूप आहे? जागा वापरण्याजोगी आहे का, की चिखल आहे? कोणी देखरेख करतंय का? ठरवून घेतलेला काही खेळ, वर्ग, सामना चालू आहे का? हे सगळं दिवसातून चार वेळा. मूळ अभ्यासात सकाळी साडेसात, दुपारी साडेबारा, साडेतीन आणि संध्याकाळी साडेसहा अशा वेळा होत्या, आणि आठवड्याचे सातही दिवस. पुढे २०११ साली याच गटाने तपासून पाहिलं की चार दिवस, रोज चार वेळा मोजलं तरी बागेचं चित्र पुरेसं भरवशाचं मिळतं.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण 'निरीक्षण' हा मथळा लिहितो आणि खाली शेजाऱ्याचे आकडे उतरवतो. इथे ते चालत नाही, कारण पद्धतीतच तपासणी आहे. दोन निरीक्षकांनी एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता मोजायचं आणि आकडे पडताळायचे. एकाला ४० माणसं दिसली आणि दुसऱ्याला ३६, तर जुळणी ९० टक्के. त्याहून फार खाली गेली तर आधी सराव, मग मोजणी.

लॉस एंजेलिसच्या आठ बागा

ही पद्धत लॉस एंजेलिस शहरातल्या आठ बागांत वापरली गेली आणि २००७ साली तिचे निष्कर्ष आले. या बागा श्रीमंत वस्तीतल्या नव्हत्या, मुख्यतः अल्पसंख्याक समाजाच्या वस्त्यांतल्या होत्या. प्रत्येक बागेत सरासरी दोन हजारांहून जास्त माणसांची नोंद झाली. त्यातले सुमारे दोनतृतीयांश नोंदीच्या क्षणी बैठे होते. पुरुष बायकांपेक्षा जास्त होते, आणि जोरात हालचाल करताना दिसण्याची शक्यता पुरुषांत दुप्पट होती.

तरीही 'व्यायाम कुठे करता?' या प्रश्नाला मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं 'बागेत'. म्हणजे बाग कमी वापरली जात होती, पण तिला पर्यायही नव्हता. अंतराचा परिणाम तर ठळक होता. बागेत आलेल्या स्थानिक लोकांपैकी ४३ टक्के पाव मैलाच्या आत, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत राहणारे होते. एक मैलाहून लांबून आलेले फक्त १३ टक्के. शहराच्या एका टोकाला शंभर एकरांचं भव्य उद्यान बांधून दुसऱ्या टोकाच्या आजी चालायला लागत नाहीत, हे या आकड्यांत दिसतं.

पैसा आला, वर्दळ घटली

आता खरी गोष्ट. त्याच शहरातल्या पाच बागांत सुधारणा झाल्या, सरासरी दहा लाख डॉलरपेक्षा जास्त खर्चाच्या. शास्त्रीय अभ्यासात असतं तसं तुलनेसाठी सुधारणा न झालेल्या पाच बागा बाजूला ठेवल्या होत्या. आधी मोजलं, काम झाल्यावर पुन्हा मोजलं, आणि आसपासच्या लोकांना प्रश्नही विचारले. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

लोकांनी काय सांगितलं? बाग सुरक्षित वाटते, असं म्हणण्याचं प्रमाण सुधारलेल्या बागांत तुलनेच्या बागांपेक्षा जास्त वाढलं. मोजणीने काय सांगितलं? बागेचा वापर आणि हालचाल दोन्ही घटली होती, सुधारलेल्या बागांतही आणि न सुधारलेल्या बागांतही. या घटीपैकी ३९ टक्के वाटा थेट एका कारणाचा होता: ठरवून घेतले जाणारे खेळ, वर्ग आणि सामने कमी झाले होते.

म्हणजे इमारत नवी झाली, लोकांचं मत सुधारलं आणि माणसं मात्र कमी आली. नुसता अभिप्रायाचा फॉर्म वाचला असता तर हा प्रकल्प यशस्वी ठरला असता. नुसती मोजणी पाहिली असती तर लोकांना बागेत आता अधिक सुरक्षित वाटतंय, हा फायदा नजरेतून सुटला असता. दोन्ही मापं हातात होती म्हणून तिसरी गोष्ट कळली: बागेला सिमेंट लागतं तशी माणसंही लागतात. शिट्टी वाजवणारा प्रशिक्षक, सकाळचा योगवर्ग, शनिवारचा व्हॉलीबॉल.

पुढे २०१६ साली अमेरिकेतल्या २५ शहरांतल्या १७४ बागांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हाच सूर निघाला. जिथे देखरेखीखाली उपक्रम होते तिथे मध्यम ते जोरदार हालचालीचे तास ३७ टक्के जास्त होते, आणि जिथे बागेची व उपक्रमांची नीट जाहिरात होती, फलक होते, तिथे ६३ टक्के जास्त. फलक! दारावर 'फुले तोडू नयेत', 'हिरवळीवर चालू नये', 'चेंडू खेळू नये' एवढंच लिहिलेलं असतं त्या आपल्या बागांच्या दृष्टीने हा आकडा विचार करण्यासारखा आहे. काय करू नये याची यादी भिंतभर असते. काय करता येईल, किती वाजता, कोणाबरोबर, याची एक ओळही नसते.

एक छोटं गणित

वरची गोष्ट कागदावर पडताळू. प्रत्येक हालचालीला खर्च होणाऱ्या ऊर्जेचं एक माप असतं, त्याला मेट म्हणतात. स्वस्थ बसलेला माणूस जेवढी ऊर्जा वापरतो ती १ मेट. ढोबळ हिशेबाला बैठ्या माणसाला १.५, चालणाऱ्याला ३ आणि जोरात असलेल्याला ६ मेट धरतात.

समजा, एका बागेत सुधारणेआधी एका फेरीत ८० माणसं दिसली: ५२ बैठी, २० चालती, ८ जोरात. एकूण ७८ + ६० + ४८ = १८६. माणशी सुमारे २.३ मेट. मग बागेत नवी बाकं आली, कारंजं आलं, खाऊगल्ली आली. आता १०० माणसं दिसली: ८० बैठी, १६ चालती, ४ जोरात. एकूण १२० + ४८ + २४ = १९२. माणशी १.९ मेट.

गर्दी २५ टक्के वाढली. समाधानाचे गुणही वाढले असणार. एकूण ऊर्जा मात्र जेमतेम ३ टक्के वाढली, आणि प्रत्यक्ष हलणारी माणसं २८ वरून २० वर आली. बाकांनी आणि कारंज्याने वाईट केलं असं नाही. पण 'आरोग्यासाठी बाग' या नावाखाली खर्च टाकला असेल, तर त्याचा हिशेब या शेवटच्या आकड्यात द्यायला हवा.

दारातून दिसणारी बाग आणि आतून दिसणारी बाग

इथे एखादा हुशार विद्यार्थी व्हायवाला विचारतात तसा प्रश्न विचारेल: दोनतृतीयांश माणसं बैठी दिसली, म्हणजे दोनतृतीयांश लोक बागेत येऊन फक्त बसतात का? उत्तर आहे, नाही. आणि यामागे एक सुंदर नियम आहे.

जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांच्या शास्त्रात एक साधं सूत्र सिद्ध केलं: आत असलेली सरासरी माणसं = तासाला येणारी माणसं × सरासरी मुक्कामाचे तास. समजा, बाग दिवसात १० तास उघडी आहे. शंभर जण चालायला येतात आणि अर्ध्या तासात जातात. दुसरे शंभर जण निवांत बसायला येतात आणि दोन तास थांबतात. चालणारे तासाला १० येतात, गुणिले अर्धा तास, म्हणजे कुठल्याही क्षणी आत सरासरी ५. बसणारे तासाला १० येतात, गुणिले २ तास, म्हणजे आत सरासरी २०. दारात मोजलं तर निम्मे-निम्मे. आत उभं राहून पाहिलं तर ८० टक्के बैठे!

दोन्ही आकडे खरेच आहेत, फक्त ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. दारातली मोजणी 'किती माणसं आली' हे सांगते, आतली फेरी 'बागेतला वेळ कसा गेला' हे सांगते. सोपार्क दुसऱ्या प्रकारची आहे, हे लक्षात ठेवून तिचे आकडे वाचायचे.

याचा फटका समाधानाच्या सर्व्हेला जास्त बसतो. फॉर्म घेऊन बागेत फिरणारा मुलगा साहजिकच बाकावर बसलेल्याला गाठतो. भरभर चालणाऱ्याला थांबवायचं कसं? वरच्या उदाहरणात आत फिरून भरलेल्या शंभर फॉर्मपैकी ऐंशी बसणाऱ्यांचे असतील. त्यांना बाकं आवडतात, सावली आवडते. फरशी उखडलीय, वळणावर घसरायला होतं, वाटेत हातगाडी उभी असते, हे चालणाऱ्यांचं दुखणं अहवालात येतच नाही. उपाय सोपा: फॉर्म बाहेर पडण्याच्या दारात भरून घ्यायचे, आणि दर पाचव्या माणसाला विचारायचं. ओळखीचा चेहरा बघून नाही.

जे आलेच नाहीत

सगळ्यात मोठी चूक मात्र दारात उभं राहूनही दुरुस्त होत नाही. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने युद्धातून परत आलेल्या विमानांवरच्या खुणांवरून न परतलेल्या विमानांचा विचार केला, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. बागेचंही तसंच आहे. ज्याला बाग आवडली नाही तो पुढच्या वेळी येत नाही, आणि जो येत नाही त्याचा फॉर्म भरला जात नाही. त्यामुळे बागेत विचारलं की समाधान बहुधा चांगलंच दिसतं.

न येणाऱ्यांत कोण असतं? २०१६ च्या अमेरिकन अभ्यासाचं उत्तर स्पष्ट होतं: लोकसंख्येत साठीपुढचे सुमारे २० टक्के, बागेत मात्र ४ टक्के. बायका आणि मुलीही पुरुषांच्या मानाने कमी.

मुलींबद्दल ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराचं काम प्रसिद्ध आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या अभ्यासात दिसलं की वयाची नऊ-दहा वर्षं झाली की मुलींची बागेतली संख्या एकदम घसरते, मुलांची घसरत नाही. कारण मुलींना खेळायचं नव्हतं असं नव्हे. मधोमध एक मोठी मोकळी जागा होती, ती फुटबॉलवाल्या मुलांनी व्यापली होती, आणि तिच्यासाठी त्यांच्याशी भांडत बसण्यापेक्षा मुली घरी जाणं पसंत करत होत्या. १९९९ पासून शहराने आइन्झीडलरपार्कसारख्या बागा बदलायला घेतल्या. वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली, एका मोठ्या पटांगणाचे छोटे छोटे भाग केले. मुली परत दिसू लागल्या. मुलांना हाकलावं लागलं नाही.

आता आपल्या हॉस्टेलमागचं ग्राउंड डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळी पाच ते सात एक क्रिकेटची टेनिस बॉल मॅच सगळं ग्राउंड खाते. लेडीज हॉस्टेलच्या किती मुली तिथे दिसतात? 'त्यांना आवडतच नाही' हे उत्तर द्यायच्या आधी व्हिएन्नाची आठवण ठेवावी.

साठीपुढच्यांसाठी उपाय त्याहून स्वस्त आहे: चालण्याची गोल वाट. निघालो तिथेच परत येतो, अंतर माहीत असतं, थकलं तर जवळ बसायला जागा असते. त्याच १७४ बागांची माहिती पुन्हा तपासून २०१७ साली जे मांडलं गेलं त्यात अशी वाट असलेल्या बागांत माणसं ८० टक्के जास्त दिसली, आणि ज्येष्ठांची संख्या दुप्पट.

मुंबईकराला हे सांगायला अमेरिका लागत नाही म्हणा. १९२५ साली महापालिकेने खुलं केलेलं दादरचं शिवाजी पार्क म्हणजे या तत्त्वाचा जिवंत नमुना. मधे क्रिकेटच्या जाळ्या, आणि कडेने झाडांच्या सावलीतली एक किलोमीटरहून थोडी जास्त लांबीची वाट आणि तिचा प्रसिद्ध कट्टा. भरभर चालीने एका फेरीला बारा-तेरा मिनिटं धरली तर रोज दोन फेऱ्या, आठवड्यातून सहा दिवस, की १५० मिनिटांचा कोटा पूर्ण. चालणारा आणि बसणारा इथे एकमेकांच्या आड येत नाहीत. उलट कट्ट्यावर बसलेली माणसं आहेत म्हणून अंधार पडल्यावरही चालणाऱ्या बाईला एकटं वाटत नाही. बसणं आणि चालणं यांत भांडण असलंच पाहिजे असं नाही, आखणी नीट हवी.

आणि बसणाऱ्यांचीही बाजू घेतली पाहिजे. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली दाखवलं होतं की ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, समोर विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. नुसतं झाड बघण्यालाही मोल आहे. सबमिशनच्या आठवड्यात बागेतल्या बाकावर बसून शांतपणे श्वास घेणाऱ्याला हे पटेल. म्हणूनच समाधान मोजणं सोडायचं नाही. त्याच्या शेजारी हालचालीचा रकाना जोडायचा, एवढंच.

करून पाहा

या सगळ्यासाठी लॅब लागत नाही. चार मित्र, दोन पॅड आणि एक घड्याळ पुरे.

१. जवळची एक बाग निवडा. उद्यान अधीक्षकांना किंवा बागेच्या रखवालदाराला आधी सांगा, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र ठेवा. फोटो काढायचे नाहीत, नावं लिहायची नाहीत, फक्त उभ्या रेघा मारायच्या.

२. नकाशा काढून पाच-सहा तुकडे करा आणि उभं राहण्याच्या जागा पक्क्या करा.

३. चार दिवस निवडा, त्यात एक शनिवार किंवा रविवार हवा. रोज चार वेळा. आपल्याकडच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. तसं असेल तर 'बंद' अशीच नोंद करा, तीही माहितीच आहे. रात्रपाळीवाल्याला आणि घरकाम उरकून दुपारी मोकळ्या होणाऱ्या बाईला ती नोंद बरंच काही सांगते.

४. बैठे, चालते, जोरात. बायका आणि पुरुष वेगळे. वयाचे चार गट. निदान एका फेरीत दोघांनी स्वतंत्र मोजून जुळणी काढा.

५. बाहेर पडण्याच्या दारात दर पाचव्या माणसाला चारच प्रश्न: गेल्या सात दिवसांत किती वेळा आलात? आज किती वेळ होतात? त्यातला किती वेळ चालत होतात? कुठल्या एका गोष्टीमुळे पुन्हा यावंसं वाटणार नाही? शेवटचा प्रश्न 'समाधानी आहात का?' पेक्षा कितीतरी जास्त काम करतो.

६. आणि बागेपासून ४०० मीटरच्या आतल्या वीस-पंचवीस घरांत विचारा: येत नसाल तर का?

आकडे एका पानावर मांडून वॉर्ड ऑफिसात द्या. 'बाग सुधारा' असा अर्ज तिथे रोज येत असेल. 'संध्याकाळी वाटेवर इतके पुरुष आणि इतक्याच बायका, वळणावरचा दिवा बंद असल्यावर इतक्या, चालू असल्यावर इतक्या' असा अर्ज सहसा येत नाही. इंजिनिअर म्हणून आपण एवढं तर नक्की देऊ शकतो. आणि आपल्या हॉस्टेलमागच्या ग्राउंडवर पहिला प्रयोग करायला तर कोणाच्या परवानगीचीही फारशी गरज नाही. रेक्टर सरांना सांगून येत्या सोमवारी सकाळी साडेसातला पहिली फेरी सुरू करता येईल. तेवढ्या लवकर उठणारे दोन निरीक्षक मिळाले, की मग काम सोपं आहे!